राहणार

पावणेअकराच्या सुमाराला तिच्यासमोरच्या पडद्यावर तिच्याच घराचा पत्ता आला. इमारत क्रमांक, मागचा जिना, तिसरा मजला, सहा नंबर. खाली नेहमीचा प्रश्न होता, पत्ता पडताळला? हो किंवा नाही. सकाळपासून तिनं तीनशे चौदा वेळा हो दाबलं होतं आणि बोट सवयीनं पुढं गेलंही होतं. मग ते तिथंच थांबलं. सहा नंबरच्या दाराला वरची कडी लागत नाही, ओढून धरावी लागते, हे तिला आठवलं. कडी ओढून धरायची सवय ताईला कधी झाली नाही. ती दार नुसतं लोटायची आणि मग आतून ओरडायची, लागलं का गं? ओळीत पुढं लिहिलं होतं: स्त्री, वय एकोणसाठ, डावा स्तन, अवस्था तिसरी, निदानानंतर नऊ महिन्यांनी मृत्यू. विभागाच्या रकान्यात होतं, शहर मध्य.

ही ओळ कधीतरी समोर येणार हे तिला ठाऊक होतं. कर्करोगाच्या नोंदणी कार्यालयात सतरा वर्षं काढलेल्या बाईला ते ठाऊक नसून कसं चालेल? सगळ्या रुग्णालयांकडून नव्या रुग्णांचे फॉर्म इथं येतात, दुबार नोंदी काढल्या जातात, कोणती बाई कोणत्या भागातली ते ठरतं, आणि मग दर लाख बायकांमागे किती, असा त्या भागाचा आकडा निघतो. हे सगळं व्हायला दोन वर्षं लागतात. बाहेर कोणतंही साल असो, या खोलीत दोन वर्षांपूर्वीचं साल चालू असतं. बाहेरच्या जगात जाऊन दोन वर्षं झालेली ताई इथं आज सकाळी आजारी पडली होती आणि एका ओळीच्या लांबीत वारली होती. हे असं होणार याची तिनं आधीपासून तयारी ठेवली होती. ओळ आली की वाचायची नाही, हो दाबायचं आणि पाणी प्यायला उठायचं. पण तयारी केली होती ती ताईचं नाव दिसेल म्हणून. पत्त्याचा विचार तिनं केला नव्हता.

भिंतीवर नकाशा लावला होता, कच्चा, दुरुस्तीसाठी. नकाशेवाला त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. तीन वर्षांत निवृत्त होणारा, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस. विटकरी रंगाच्या पाच छटा होत्या. शहर मध्य सगळ्यात गडद, त्याच्याभोवतीचे भाग जरा कमी, आणि डोंगरातला वरचा भाग इतका फिकट की कागदाचाच रंग वाटावा. "बाई, तुमचं माहेर बघा," तो म्हणाला. "धुऊन वाळत घातल्यासारखं. आमच्या घरच्यांना म्हणतो, चला वर राहायला जाऊ. त्या म्हणतात, तुम्ही जा, मी इथं बरी आहे." एरवी ती हसली असती. आज तिनं विचारलं, "नकाशा पाचला नक्की जाणार का हो?" "पाच म्हणजे पाच. उद्या समितीत रंग बघणार, गडद तिथं गाडी देणार, फिकट तिथली काढणार. त्यांना आकडे वाचायला वेळ कुठं असतो?" गाडी म्हणजे तपासणीची गाडी, आत छातीचा फोटो काढायचं यंत्र असलेली. वरच्या भागात ती वर्षातून चारदा जाते. रविवारी भाचीचा फोन आला होता. ताईची मुलगी अडतीस वर्षांची, तिकडंच दिलेली. तिचं बोलणं आईसारखंच, प्रश्न विचारून उत्तराला न थांबणारं. मावशी, गाडी बंद होणार म्हणतात, खरं का? मला तर दरवर्षी दाखवायला सांगितलंय. खाली यायचं म्हणजे सात तास, कोण येणार सोबत? तू तिथंच आहेस ना ऑफिसात, बघ की जरा. बघते म्हणून तिनं फोन ठेवला होता. त्यात बघण्यासारखं काही आहे असं रविवारी तिला वाटलं नव्हतं. आकडे म्हणजे आकडे.

फिकट हा शब्द ताईला तिनंच दिला होता. पाच वर्षांपूर्वी, ताईच्या मागच्या अंगणात, दोघी ओल्या चादरीची दोन टोकं धरून पीळ घालत होत्या तेव्हा. पाणी पायांवर पडत होतं. ताईच्या मनगटात कायम जास्त जोर असायचा, चादर तिच्या हातातून सुटायची आणि ताई म्हणायची, ऑफिसात काय पेन्सिल उचलतेस का नुसती? त्या वर्षी तिचं नाव पहिल्यांदा अहवालात छापून आलं होतं, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. ते दाखवायला म्हणून तिनं अहवाल आणला होता. ताईनं ओले हात पदराला पुसून नकाशाचं पान उघडलं. "आम्ही कुठे यात?" तिनं बोट ठेवलं. "हे तुम्ही. बघ, किती फिकट. तुमच्याकडे फार कमी असतं हे." "का गं?" मग तिनं पाठ असलेली कारणं सांगितली. तिकडे लग्नं लवकर, मुलं लवकर आणि जास्त, अंगावर पाजणं जास्त दिवस, अंगमेहनत. कारणं खरीच होती. ती आजही खरी आहेत. जगात सगळीकडे शहर आणि गाव यांत हा फरक असतो, आणि तो सगळाच्या सगळा मोजणीचा घोळ नसतो. पण त्यातला किती खरा आणि किती कुणी न मोजल्यामुळे, हे तिनं तेव्हा सांगितलं नाही. स्वतःलाही विचारलं नव्हतं. अंगणात ती मोठ्या बहिणीला, जिनं तिला अक्षरं शिकवली तिला, काहीतरी शिकवत होती. ताईनं पान मिटलं आणि म्हणाली, "चला, एका तरी बाबतीत आमचं बरं आहे." दीड वर्षानं ताईला आंघोळ करताना गाठ लागली. ती आठ महिने कुणाला बोलली नाही. गाडी त्या आठ महिन्यांत तीनदा येऊन गेली, घरापासून चालत दहा मिनिटांवर. "का नाही गेलीस?" तिनं नंतर विचारलं तेव्हा ताई गुन्हा कबूल केल्यासारखी हसली. "मला वाटलं, दुसरंच काही असेल. तूच म्हणालीस ना, आमच्याकडे फिकट."

ते वाक्य ताईनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा मारायचा तर ताई आधी भुवई उचलायची. भुवई उचलली असती तर बरं झालं असतं.

रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीजवळचं बाकडं थंडगार होतं, पत्र्याचं. ताई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. फॉर्म भरायचा तिनंच घेतला, कारण असे हजारो फॉर्म तिच्या हातून गेले होते आणि लोक कुठं चुकतात ते तिला माहीत होतं. नाव, वय, मग राहणार. "राहणार?" ताईनं वाकून वाचलं. "म्हणजे किती दिवस राहणार ते सांगायचं का? लिही, फार नाही." "ताई!" "बरं बाई, लिही, बघू." शेजारी बसलेल्या बाईला हसू आलं, ताईलाही आलं, आणि तिनं त्या हसण्याआडून पत्ता लिहून टाकला, स्वतःचा. ताईचं हसू थांबलं. "हा तर तुझा." "नुसता पत्ता आहे गं." "अगं टीपकागदा, मी कुठं राहते तिथं?" लहानपणी ती ऐकेल ते सगळं टिपायची आणि नेमकं नको त्याच्यासमोर उमटवायची, म्हणून टीपकागद. "बाहेरगावचा पत्ता दिला तर तुमच्या जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी मागतात," ती हळू आवाजात म्हणाली. "ती यायला तीन आठवडे, कधी पाच. इथला पत्ता असेल तर आजच आत घेतात." ताईनं पिशवीचे बंद आवळले. मग म्हणाली, "निदान तुझ्याकडे उतरलेय असं तरी लिही." म्हणजे पत्त्याआधी द्वारा लिही, द्वारा अमुक. कुणाकडे पाहुणे म्हणून उतरलेले लोक तसंच लिहितात. ती म्हणाली, द्वारा लिहिलं की खिडकीवरचे ओळखतात. मग फॉर्म उलटून मागच्या बाजूला जवळचा नातेवाईक म्हणून तिनं भावोजींचं नाव लिहायचंही टाळलं. त्यांचा पत्ता लिहावा लागला असता. तिथं तिनं स्वतःचंच नाव लिहिलं. नातं, बहीण.

पुन्हा तीच सकाळ आली तर ती पुन्हा तेच लिहील. याबद्दल तिला दोन वर्षांत एकदाही शंका आली नव्हती. आठ महिने गेलेल्या माणसाचे आणखी तीन आठवडे घालवायचे नसतात. खिडकीवरच्या माणसाशी आपण खोटं बोललो, एवढाच हिशेब तिनं ठेवला होता. तो माणूस जेवायच्या सुट्टीत ते विसरलाही असेल. पण तोच कागद पुढं चालत चालत, दोन वर्षं घेऊन, तिच्याच टेबलावर येणार होता, आणि ताई शहर मध्यचा विटकरी रंग एका बाईनं गडद करणार होती. वरचा भाग तेवढाच फिकट राहणार होता. भाची तिथं राहते.

तिनं हो दाबलं नाही. नाहीही दाबलं नाही. द्वारा हा शब्द तिच्या डोक्यात अडकून बसला होता, दातात काही अडकावं तसा, आणि पंधरा मिनिटांनी तो का टोचतोय ते तिला कळलं. सहा वर्षांपूर्वी दुबार नोंदी फार वाढल्या होत्या. एकच बाई एका रुग्णालयात द्वारा लिहायची, दुसऱ्यात नाही, आणि संगणक दोन बायका मोजायचा. तेव्हा एक नियम झाला होता. पत्त्यातला द्वारा हा शब्द आणि त्यापुढचं नाव, पहिल्या स्वल्पविरामापर्यंत, भरतानाच गाळावं. एका महिन्यात दुबार नोंदी निम्म्यावर आल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. नियम तिचा होता. एकदा द्वारा गळला की पाहुणी बाई त्या घरची होते. तिनं सहा वर्षं दरवर्षी हे केलं होतं, सहीनिशी.

मूळ कागद तळघरात, खोक्यांत असतात. खाली एकच दिवा होता आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास. तिनं त्या सालातलं हाताला लागेल ते एक खोकं ओढलं, जमिनीवर बैठक मारली आणि मोजायला घेतलं, कारण मोजणं तिला येत होतं. दोनशे बारा फॉर्म. द्वारा असलेले एकतीस. मग त्या एकतिसांतला प्रत्येक फॉर्म उलटून तिनं मागची बाजू पाहिली, जिथं जवळच्या नातेवाईकाचं नाव आणि पत्ता असतो. मागची बाजू संगणकात भरतच नाहीत, तेवढे रकानेच नाहीत. एकतिसांपैकी एकोणिसांच्या मागे वरच्या भागातली गावं होती. नवरा, राहणार तिकडचा. मुलगा, राहणार तिकडचा. एका फॉर्मवर नवऱ्यानं स्वतःच्या हातानं गावाखाली खूण लिहिली होती, पाण्याच्या टाकीजवळ, जणू कुणी शोधत येणार होतं. ती एकोणीस फॉर्म मांडीवर घेऊन बसली. या बायका खाली आल्या, बहिणीकडे, नणंदेकडे, चुलत दिरांकडे उतरल्या, दुसऱ्याच्या घरात आवाज न करता उलट्या केल्या, दुसऱ्याच्या दोरीवर आपले कपडे कडेला वाळत घातले. ताई रोज सकाळी स्वतःची गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची. असू दे गं म्हटलं तरी. नऊ महिने गुंडाळली. शेवटच्या आठवड्यात गुंडाळता आली नाही, तेव्हा म्हणाली, "पसारा राहिला गं माझा."

ताईचा फॉर्म त्या खोक्यात नव्हता, आणि असता तरी या एकतिसांत आला नसता. त्यावर द्वारा नव्हतं आणि मागच्या बाजूलाही शहरच होतं. ज्यांची बहीण अशा ऑफिसात नसते त्यांनी खरं लिहिलं होतं आणि त्या सापडल्या होत्या. ताईसारख्या आणखी किती असतील ते कुठलंही खोकं सांगणार नव्हतं. त्या फक्त कुणाला तरी माहीत होत्या.

मोठ्या बाई खिडकीकडे पाठ करून जेवत होत्या. त्यांनी डबा बाजूला सरकवला नाही, घास तेवढा थांबवला. तिनं एकोणीस फॉर्म टेबलावर ठेवले आणि उभ्यानंच सांगितलं. बाईंनी पहिला फॉर्म उलटला, दुसरा उलटला, मग उलटणं सोडून दिलं.

"एका खोक्यात एकोणीस?"

"हो. एकच पाहिलंय."

"त्या सालाची खोकी किती?"

"चौतीस."

बाईंचे ओठ हलले. गुणाकार त्या मोठ्यानं करत नसत. "सगळ्यांत इतके नसतील."

"नसतीलही. पण निम्मे असले तरी फिकट राहत नाही."

"गाळायचा नियम कोणाचा?"

"माझा."

"लेखी आहे?"

"सही आहे माझी. खाली तुमची."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा डब्याचं झाकण लावलं. "जेवायच्या वेळेला असं काही आणत जाऊ नका हो," त्या म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "आणखी काही आहे?"

"एक ओळ आहे. माझ्या बहिणीची. तिचा पत्ता मी खोटा लिहिला होता. माझा लिहिला."

"त्याला कागद?"

"कागद नाही. मी आहे."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी शिंकलं. बाईंनी एकोणीस फॉर्म एकावर एक नीट रचले. ताईला त्या एकदा भेटल्या होत्या. ताई डबा द्यायला आली होती आणि त्यांना म्हणाली होती, आमच्या टीपकागदावर लक्ष ठेवा, फार शोषून घेते. ते त्यांना आठवत असावं किंवा नसावं. "एका ओळीनं रंग बदलत नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"माहीत आहे."

"आणि खुलासा द्यावा लागेल. कर्मचाऱ्यानं स्वतः चुकीची माहिती दिली, असं लिहून. तो फाइलला लागतो, कायमचा."

"लागू दे."

बाईंनी फोन उचलला आणि नकाशेवाल्याला बोलावलं. वरचा भाग आज रंगवायचा नाही, त्या म्हणाल्या. मोकळा ठेवायचा, तिरक्या रेघा मारायच्या आणि खाली लिहायचं, माहिती अपुरी. नकाशेवाल्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "समिती विचारेल, या रेघा कसल्या?" "विचारू दे की. विचारतील तोवर तिथली गाडी बंद होत नाही." मग त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "चौतीस खोकी एका सालाची. उद्यापासून मागची बाजू भरायची, सगळ्यांनी. सहाही वर्षांची. नियम तुमचा होता ना, आता हाही तुमचाच." नकाशेवाला तिच्यासोबत बाहेर आला. काहीतरी विनोद करायचा म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "रेघा मी बारीक मारतो, बाई. वाचता आलं पाहिजे खालचं."

दुरुस्तीचं पत्रक एक पानी असतं. जुना पत्ता, नवा पत्ता, आधार, माहिती देणाऱ्याचं नातं. नवा पत्ता तिला पाठ होता. त्याखालचा रकाना असा, की या पत्त्यावर किती काळ. एक वर्षाहून कमी राहिलेली व्यक्ती तिथली धरत नाहीत. हा रकाना नेहमी कोरा येतो आणि कुणी विचारत नाही. तिनं फोन हातात घेतला. भावोजी तिच्याशी दोन वर्षांत बोलले नव्हते. मृत्यूचा दाखला हातात आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला होता आणि शेवटचं बोलले होते ते एवढंच, "जन्म माझ्या घरात काढला, आणि कागदावर तुझ्याकडची? माझं नावसुद्धा नाही कुठे." तिनं तेव्हा चिठ्ठी, तीन आठवडे, खिडकी असं काहीतरी सुरू केलं होतं. ते पूर्ण व्हायच्या आत ते जिना उतरून गेले होते, आणि दार नुसतं लोटलेलं राहिलं होतं.

फोन पाचव्या घंटीला उचलला गेला. मागं कोंबड्यांचा आवाज होता.

"भावोजी, मी बोलतेय."

त्यांनी फोन ठेवला नाही.

"ताई तिथं किती वर्षं राहिली ते कागदावर लिहायचंय. तिला तिथली म्हणून नोंदवतेय. पत्ता मी चुकीचा दिला होता, तेही लिहितेय."

"आता कशाला?"

"गाडी बंद होऊ नये म्हणून. आणि..."

कोंबड्या लांब गेल्या. ते घरात आले असावेत, कारण आवाज बदलला, बंद खोलीतला झाला. "छत्तीस वर्षं," ते म्हणाले. "वर चार महिने. आता ते तुझ्याकडचे नऊ महिने धरायचे का नाही, ते तुझं तू बघ."

"धरते," ती म्हणाली. "उतरली होती फक्त माझ्याकडे."

"मग सदतीस वर्षं नि एक महिना," भावोजी म्हणाले. हे त्यांना जोडावं लागलं नाही, तयार होतं. "लिही नीट. आणि पाण्याच्या टाकीकडून वर, तेही लिही. दोन गावं आहेत या नावाची."

फॉर्म उलटताना पाहिलेली ती खूण तिला आठवली. पण ती दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याची होती, आणि टाक्या सगळ्याच गावांत असतात. तिनं ते विचारलं नाही. फोन ठेवून तिनं नऊ महिने आणि छत्तीस वर्षांची बेरीज पुन्हा एकदा कागदावर करून पाहिली. मग पडद्यावर जुना पत्ता पुसला. इमारत, मागचा जिना, तिसरा मजला, सहा नंबर, एकेक अक्षर. रिकाम्या जागेत रेघ लुकलुकत राहिली. त्या रेघेच्या डाव्या बाजूला तो शब्द होता, राहणार, छापील, सगळ्या फॉर्मवर असतो तोच. तिनं गावाचं नाव लिहिलं, टाकीकडून वर असं लिहिलं, काळ लिहिला. माहिती देणाऱ्याचं नातं: धाकटी बहीण. शहर मध्यचा आकडा एकानं उतरला, वरच्या भागाचा एकानं चढला. भिंतीवर नकाशेवाला पट्टी धरून रेघा मारत होता, हळूहळू, अंतर मोजून. खाली नेहमीचा प्रश्न आला. पत्ता पडताळला?

लिही, फार नाही, असं ताई म्हणाली होती. तिनं हो दाबलं.